ठणठणीत गाव

दवाखान्याच्या दारावर नवा कागद लावायला जो माणूस आला होता, तो चिकटवायला काही आणायचंच विसरला होता. मग नर्सबाईंनीच ड्रेसिंगच्या ट्रेमधली पांढरी पट्टी कापून दिली आणि जखमेवर लावावी तशी चारी कोपऱ्यांना दाबून बसवली. कागदावर लिहिलं होतं की सरकारी कामकाज यापुढे चोख धंद्यासारखं चालेल. ज्या शाखेला गिऱ्हाईक आहे ती राहील, जिला नाही ती मोठ्या शाखेत मिसळली जाईल. त्यासाठी एक साहेब आठवडाभर येऊन बसतील आणि पाहणी करतील. बाईंनी कागद दोनदा वाचला. आपल्या दवाखान्याला शाखा म्हणतात हे त्यांना तेव्हाच कळलं.

शाखा म्हणजे काय, तर दोन खोल्या आणि एक ओसरी. पुढच्या खोलीत औषधांचं कपाट, तपासायचं टेबल आणि वजनकाटा. मागच्या खोलीत बाई आणि त्यांचे सासरे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सासऱ्यांनी जन्मभर रस्त्यावर खडी फोडली होती. आता त्यांना एका डोळ्यानं दिसत होतं आणि दोन्ही कानांनी नको तेवढं ऐकू येत होतं. बाई त्यांना मामंजी म्हणत, म्हणून सगळं गावच मामंजी म्हणायचं. ओसरीतल्या बाकाचं एक टोक त्यांचं. येणाऱ्या प्रत्येक रोग्याला ते बाईंच्या आधी तपासत. जीभ दाखव म्हणत, आणि जीभ बघून कायम एकच निदान सांगत, की तू कामचुकार आहेस.

बाईंचा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा. पाणी भरायचं, कात्र्या-चिमटे उकळायचे, ओसरी झाडायची. मग लसीचा डबा खांद्याला अडकवून लांबच्या वस्त्यांवर जायचं. त्या डब्याच्या पट्ट्यानं खांद्यावर कायमचा काळा वळ पडला होता. दुपारनंतर दवाखाना. भाजलेलं, कापलेलं, सुजलेलं, अडलेलं, सगळं तिथंच. संध्याकाळी दार लावलं की मामंजी जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायचे, आणि मग बाईंशी बोलायला घरात स्टोव्हच्या आवाजाशिवाय काही नसायचं. दिवसभर लोकांना कुठं दुखतंय ते विचारायचं, आणि आपल्याला विचारणारं कुणी नाही. बाईंना याची सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून बोच जात नाही.

कुंभार मात्र बाजाराच्या दिवशी संध्याकाळी न चुकता यायचा. त्याची बायको भट्टीच्या धुरानं छाती खराब होऊन वारली होती, मुलगी लांब दिली होती. त्याला स्वतःला साखरेचा आजार होता आणि त्या आजारानं त्याचे तळपाय मेले होते. काटा रुतला, निखारा लागला, तरी पत्ता नाही. आणि काम तर पायांचंच. माती कालवून अनवाणी तुडवायची. मातीत एखादी जुनी खापरी राहिली तर ती पायात शिरणार आणि याला कळणारही नाही. बाईंनी बूट घालायला सांगून पाहिलं होतं. बुटातून माती कळत नाही, असं तो म्हणाला. मग म्हणाला, तशी ती अनवाणीही आता कळत नाही, आवाजावरून ओळखतो.

म्हणून बाई दर आठवड्याला त्याचे पाय तपासत. तो घासून, धुऊन, बोटांच्या बेचक्यांतली माती काडीनं काढून यायचा. बाई मांडीवर टॉवेल अंथरून त्यावर पाय घेत, बॅटरीच्या उजेडात तळवा न्याहाळत, बोट न बोट उघडून बघत. तो तेवढा वेळ वजनकाट्याकडे तोंड फिरवून बसायचा. बोलणं फारसं नाही. यंदा माती रेताड निघाली, भट्टीला ओलं लाकूड मिळालं, एवढंच. पण दोघांच्याही आठवड्यात माणसाचा हात लागायचा तो तेवढाच, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं, पण गावानं कधी त्याची चेष्टा केली नाही. मामंजी फक्त खोकायचे.

तर कागद लागला आणि गाव हबकलं. संध्याकाळी सगळे जमले ते तराजूच्या दुकानाच्या पायरीवर. तराजू हा गावातला एकुलता एक दुकानदार. त्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. सरकार दुकानासारखं चालवा, सगळं सरळ होईल, हे तो इतकी वर्षं सांगत आला होता की नवा कागद जणू त्यालाच विचारून काढला असावा, असा त्याचा चेहरा झाला होता. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला द्यायचा. पण शहाणपणाचं एक पोतं त्याच्याकडे कायम तोंड सोडून ठेवलेलं असायचं, आणि त्यात हात घातल्याशिवाय कुणाला पुढं जाता यायचं नाही.

लोहाराची बायको म्हणाली, त्यात काय, सगळे जाऊन रांग लावू. सर्दी-खोकल्याचे दिवस आहेत, बाक भरून टाकू. तराजू हसला.

"मालक दुकान बघायला येतो तेव्हा काय बघतो? माल बघतो. दवाखान्याचा माल कोणता? औषध? औषध तर खर्चात गेलं. दवाखान्याचा माल म्हणजे बरा झालेला माणूस. साहेबाला आठवडाभर गावात एक आजारी दिसला नाही, तर तो काय म्हणेल? या बाईनं अख्खं गाव दुरुस्त करून ठेवलंय, असं म्हणेल. तुम्ही रांग लावाल, तर म्हणेल, इतकी वर्षं ही बाई करत काय होती?"

भाषण पटण्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांना ते आवडलंही. बाईंनी इतकं केलं, आपण त्यांना कधी काही दिलं नाही. आता देता येईल. एक म्हातारा म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ठरलं. बाईंना सांगायचं नाही हेही ठरलं, कारण बाई खोटं बोलणाऱ्या नाहीत. उलट आजाऱ्याला कानाला धरून ओढून नेतील. मामंजींना मात्र विश्वासात घेतलं. त्यांनी शपथ घेतली आणि लगेच पोटात दुखायला लागल्यासारखा चेहरा केला.

कुंभाराला तराजूनं बाजूला घेतलं. म्हणाला, तू तर दर आठवड्याचा. तू बाकावर दिसलास की साहेब विचारणार, हा अजून बरा कसा नाही? तुझ्या पायापायी बाईंना बट्टा लागेल. कुंभारानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. गावात राहिलो तर पाय आपोआप तिकडेच वळतील, हे त्याचं त्यालाच माहीत असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुडवायला काढलेली माती ओल्या पोत्याखाली झाकून तो डोंगरापलीकडे बहिणीच्या गावी निघून गेला.

साहेब आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. बाईंना मॅडम म्हणायचा. ओसरीत खुर्ची टाकून मांडीवर एक पाटीएवढं यंत्र घेऊन बसला. कुणी आलं की त्यावर बोट ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. बाईंना वाटलं, नवा माणूस बघून लोक बुजले असतील. दुसऱ्या दिवशीही कुणी नाही. बाईंनी उकळलेल्या कात्र्या पुन्हा उकळल्या, पुसलेलं कपाट पुन्हा पुसलं. वारा सुटला होता, धूळ नुसती नाकातोंडात जात होती, अशा दिवसांत एरवी ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची.

लोक रस्त्यानं मात्र जात-येत होते, आणि तेही छाती काढून. लोहार हातोडा खांद्यावर टाकून मुद्दाम दोनदा गेला आणि साहेबाला ऐकू जाईल असं म्हणाला, की आम्ही एकदम ठणठणीत. लोहाराची बायको कडेवरच्या पोराला घेऊन चालली होती. पोराला खोकल्याची उबळ आली, तशी तिनं त्याचं तोंड खांद्यात दाबलं आणि झपाझपा निघून गेली. बाई दारातून पाहत होत्या. त्या पोराच्या वेळचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं, पोर उलटं आलेलं. त्या हाक मारणार होत्या, पण ती मान वळवून गेली.

"रोज असंच असतं का, मॅडम?" साहेबानं विचारलं. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या, नाही, गर्दी असते. तो मान हलवून यंत्राकडे बघत राहिला. स्वतःच्याच दवाखान्यात आपण थापा मारतोय असं बाईंना वाटलं.

मधल्या एका दिवशी धुळीनं साहेबालाच ताप भरला. बाईंनी त्याला टेबलावर निजवलं, कपाळावर ओली घडी ठेवली, गोळ्या दिल्या, मामंजींसाठी केलेलं पातळ जेवण त्याला भरवलं. आठवडाभरात बाईंच्या हाताला काम मिळालं ते एवढंच. उठल्यावर त्यानं मनापासून आभार मानले, पण यंत्रावर बोट काही ठेवलं नाही.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बाईंनी टॉवेल काढून ठेवला. बॅटरी ठेवली. अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मग मामंजींना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, तो बहिणीकडे गेलाय. बाईंना तो सांगून गेला नव्हता. टॉवेलची घडी करून त्यांनी तो परत फळीवर ठेवला. गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात ते उगीच नाही, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं ज्यांचं रक्त-पू काढलं त्यांना आपली ओळख नको झाली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि मामंजींना ते एका डोळ्यानंही दिसलं.

पाहणीच्या शेवटच्या संध्याकाळी मामंजींच्यानं राहवेना. सूनबाईचा उतरलेला चेहरा आणि पोटातली गोष्ट, दोन्ही सोसणं त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

"सूनबाई, तोंड पाडून बसू नकोस. लोक तुझ्यासाठीच येत नाहीत. सगळं गाव मिळून तुझं नाव करतंय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, मोठ्या कौतुकानं, तराजूच्या भाषणासकट आणि कुंभाराला सांगितलेल्या बट्ट्यासकट. बाईंनी ऐकून घेतलं. आधी त्यांना बरं वाटलं, इतकं बरं की डोळे भरून आले. लोक तुटले नव्हते. मग दुसऱ्याच क्षणी त्यांना दारावरच्या कागदातलं गिऱ्हाईक आठवलं. चपला न घालताच त्या बाहेर पडल्या.

साहेब शाळेच्या खोलीत उतरला होता. बॅग भरत होता. बाईंनी उभ्यानंच सांगितलं.

"लोक मुद्दाम आले नाहीत, साहेब. मी चांगलं काम करते हे दाखवायला आले नाहीत."

तो हसला नाही. हातातला शर्ट तसाच धरून त्यानं विचार केला. "खरं असेल, मॅडम. पण मी हे कुठं लिहू? आला की नाही आला, एवढंच मला विचारलंय."

"तुम्ही आजारी होता. तुम्ही तरी आलात ना?"

"मी आमच्यातलाच. मला मोजता येत नाही."

बाई म्हणाल्या, "एक दुकान बंद पडलं तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. इथली अडलेली बाई डोंगर ओलांडून जाईल का?"

मोठ्या शाखेत सगळ्या सोयी आहेत, असं तो म्हणाला. खरंच आहेत, मी पाहिल्यात. ते खोटं नव्हतं आणि तो खोटारडाही नव्हता. मग बॅगेची चेन ओढत तो हळूच म्हणाला, "माझीही पाहणी चालू असते, मॅडम." परत येताना पायाला खडे टोचत होते ते त्यांना घरी आल्यावर जाणवलं.

मामंजींनी तोवर गावभर बोंब केली होती. सकाळी साहेब निघाला तर दवाखान्यापुढे जत्रा. सगळ्यांत पुढे तराजू, आठवडाभर मफलरखाली दडवलेला सुजलेला गाल घेऊन. दाढेत पू झाला होता आणि तोंड उघडत नव्हतं, म्हणून त्या दिवशी तरी शहाणपण बंद होतं. मागं खोकणारी पोरं, हात भाजलेली सून, तापानं फणफणलेला म्हातारा. आणि त्यांच्यात मिसळलेले, नुसतेच कण्हायला आलेले धडधाकट. कोण खरं कण्हतंय आणि कोण खोटं, ते ओळखायला बाईंनाच वेळ लागला असता, साहेबाला कुठून कळणार? तो थोडा वेळ बघत उभा राहिला.

"काल सगळे ठणठणीत होते," तो म्हणाला. रागावून नाही, थकून. मग गाडीत बसला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाई दिवस मावळेपर्यंत एकेकाला तपासत होत्या. तराजूच्या दाढेजवळची हिरडी चिरून पू काढला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगळंच दाढेचं नव्हतं. कुंभार त्या गर्दीत नव्हता. बाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं.

धंद्यात वेळ दवडत नाहीत. पुढचा आठवडा उलटायच्या आत हुकूम आला आणि पाठोपाठ टेम्पो. औषधांच्या कपाटाला सील लागलं, टेबल आणि वजनकाटा आत कोंडला गेला, कुलपाची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या खिशात गेली. बाईंना मोठ्या शाखेत खिडकीवर बसायचं होतं. तिथं आलेल्या माणसाला नंबर देऊन आत पाठवायचं, बाकी त्यांनी काही करायचं नव्हतं. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि मामंजींची खाट, एवढा संसार टेम्पोत चढला. लोक अंगणाबाहेर उभे होते, आत यायला लाजत होते. तराजू उगीचच दोर आवळत होता, सुटलेला नसतानाही.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर कुंभार दिसला. काठी टेकत येत होता, एका पायात जुना बूट, दुसऱ्याला पोत्याचं फडकं. बातमी त्याला वाटेतच कळली असावी, कारण त्यानं टेम्पोकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. लोक बाजूला झाले. वास आधी आला.

बाईंनी त्याला टेम्पोच्या फळीवर बसवलं. कपाटाला सील होतं. त्यांनी लोहाराच्या घरून उकळतं पाणी मागवलं, ट्रंकेतली स्वतःची धुतलेली चादर काढून टराटरा फाडली, आणि फडकं सोडलं. तळव्यात खापरीचा तुकडा होता, चांगला बोटभर, आणि त्याच्या भोवती पाऊल काळं पडत घोट्याकडे चाललं होतं. दोन बोटं तर गेलीच होती. गावातून निघायच्या आधीच, शेवटची माती तुडवतानाच शिरला असणार. त्या पायानं तो डोंगर चढून गेला आणि उतरून आला.

"बहिणीनं पाहिलं नाही?"

"पाय कुणाला दाखवायचा," तो म्हणाला.

"मला दाखवायचा होता." बाईंचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत गावानं तो असा ऐकला नव्हता. "मला दाखवायचा होता ना. कुणी सांगितलं होतं मला बट्टा लागेल म्हणून? लागू द्यायचा होता."

तराजूनं दोर सोडला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कुंभार खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही मला बरं केलंत असं एकदा दिसू दे."

बाईंनी खापरी काढली, धुतलं, चिंध्या बांधल्या. हे बांधून भागणारं नाही हे त्यांना दिसत होतं. आजच्या आज कापावं लागणार होतं, किती ते तिथले डॉक्टर ठरवणार होते. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, याला न्यायचंय. ड्रायव्हर म्हणाला, बाई, मला एक कर्मचारी, एक घरचं माणूस आणि सामान एवढंच सांगितलंय, जास्त बसवलं तर मला जाब विचारतात.

मामंजी पुढच्या सीटवर बसले होते. ते खाली उतरले, एका हातानं दार चाचपत. म्हणाले, मग घरचं माणूस म्हणून त्याला बसव, मी येतो नंतर. तू कसला कामचुकार, असं कुंभाराला म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण म्हणाले नाहीत. लोहाराच्या बायकोनं त्यांचा हात धरला.

पाय खाली सोडून चालणार नव्हतं, म्हणून कुंभाराला मागं सामानातच वळकटीवर टेकवून बसवलं आणि बाईही मागंच चढल्या. टेम्पो निघाला. कुणी हात हलवला नाही. धुळीत आधी माणसं गेली, मग दवाखान्याचं छप्पर, मग कुंभाराच्या भट्टीचं थंड धुराडं. कुंभार तिकडेच बघत होता. पोत्याखाली माती तशीच असेल, आता वाळून दगड झाली असेल, असं तो म्हणाला.

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला सामान आदळत होतं. बऱ्याच वेळानं तो एकदम घाबरल्यासारखा झाला, आणि मागच्या दिशेला चेहरा तसाच ठेवून त्यानं विचारलं,

"बाई, माझा पाय कुठं आहे? कुठं आपटत तर नाही ना?"

बाईंनी तो निघाल्यापासून मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ आहे."